तरतमभाव विसरलेले शास्त्र

26 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय आयुष मंत्रालयाने 'देश का प्रकृती परीक्षण' ही मोहीम सुरू केली. महिनाभरात सव्वा कोटीहून अधिक भारतीयांनी प्रश्नावलीला उत्तरे देऊन आपली प्रकृती वाताची, पित्ताची की कफाची हे जाणून घेतले, आणि मोहिमेच्या नावावर पाच गिनीज विश्वविक्रम नोंदले गेले. विक्रमाची बातमी सर्वत्र झळकली. पण विक्रम किती माणसे मोजली याचा असतो. मोजमाप बरोबर होते की नव्हते, हे विक्रम सांगत नाही.

त्याच भ्रमणध्वनीवर, त्याच तरुण पिढीत, दुसरी एक प्रश्नावली त्याहून जोरात फिरते आहे. दहा मिनिटांत ती माणसाला चार इंग्रजी अक्षरांचे बिरूद देते: कोणी आयएनएफजे, कोणी ईएसटीपी, एकूण प्रकार सोळा. विवाहस्थळांच्या परिचयात, नोकरीच्या अर्जात, महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात ही अक्षरे आता नावाशेजारी लागतात. एक प्रश्नावली प्राचीन ग्रंथांचा आधार सांगते, दुसरी आधुनिक मानसशास्त्राचा. दोघींचे चाहते एकमेकांना हसतात. मात्र दोघींचा दोष एकच आहे. माणसामाणसांतील फरक चढउताराचा असतो. या प्रश्नावल्या त्या चढउताराचे कप्पे करतात आणि मग कप्प्यालाच माणूस म्हणतात.

या दोषावरचा उतारा शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी मुक्तांबा या आपल्या प्रियतमेच्या स्मरणार्थ अन्नछत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी अशी छत्रे तंजावरकरांनी अनेक ठिकाणी बांधली होती. ओरत्तनाडुच्या छत्राबरोबर शाळाही चालत असे, आणि तेथे मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी, इंग्रजी अशा भाषा शिकवल्या जात.

छत्रांचा कारभार कंपनी सरकारच्या हाती जाऊ नये म्हणून सरफोजींनी 1801 साली तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचा तपशील त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला अन्न मिळे. वाटेत आजारी पडलेल्याला औषधोपचार मिळत. परक्या मुलखातील आईबापांची पोरकी झालेली मुले शिक्षकाच्या हवाली केली जात, त्यांचे खाणेपिणे, न्हाणेमाखणे पाहिले जाई, आणि ज्या विद्येची आवड ती दाखवतील ती विद्या त्यांना शिकवली जाई. त्या काळी जातिभेद संपला होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही व्यक्तिमत्त्वाच्या शास्त्राच्या दृष्टीने शेवटचा तपशील मोलाचा आहे. अनाथ पोराचा 'प्रकार' कोणता हे आधी ठरवून मग त्याला त्या प्रकाराची विद्या द्यावी, असा तो शिरस्ता नव्हता. मुलाने आवड दाखवायची, छत्राने ती पुरवायची. आवड बदलली तर बदललेली आवड दाखवण्यासाठीही ते मूल समोरच होते.

आता प्राचीन आधाराकडे वळावे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या मनोधर्माचे प्रकार मोजलेले आहेत: सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन. बेरीज सोळा. अमेरिकी प्रश्नावलीचे प्रकारही सोळाच. हा योगायोग समाजमाध्यमांवर मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. 'जे त्यांना आज कळले ते आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी होते' ही त्या अभिमानाची नेहमीची भाषा. पण हे सांगणारे चरकाच्या त्याच प्रकरणातील त्याआधीचे विधान वगळतात. प्रकार मोजायला घेण्यापूर्वीच चरक स्पष्ट करतो की या भेदांची खरी संख्या मोजता येण्यासारखी नाही, कारण प्रत्येक भेदात तरतमभाव आहे. कमी, अधिक, त्याहून अधिक अशी ती उतरंड आहे आणि तिला टोक नाही. सोळा ही त्याने समजावण्यासाठी दिलेली उदाहरणे. ग्रंथकार तरतमभाव सांगतो. अनुयायी प्रमाणपत्र वाटतात.

आधुनिक आधाराची कथाही याहून वेगळी नाही. स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग याचा मानसशास्त्रीय प्रकारांवरील ग्रंथ 1921 साली प्रसिद्ध झाला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आज मराठीत सर्रास वापरले जाणारे शब्द याच विचारातून आले. माणसाच्या मनाची ऊर्जा बाहेरच्या जगाकडे वाहते की आतल्या, आणि विचार, भावना, संवेदना, अंतःस्फूर्ती यांपैकी कोणत्या वाटेने ती अधिक चालते, हा त्याचा प्रश्न होता. रुग्णांशी वर्षानुवर्षे बोलून त्याने तो मांडला. मोजमाप करून नव्हे. आणि पुढे याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने बजावले की दिसेल त्या माणसाला अशी चिठ्ठी चिकटवणे हा पोरकट खेळ होय. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल मायर्स या दोघींनी नेमका तोच खेळ पद्धतशीर केला. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, स्त्रियांना जोगते काम शोधून द्यावे अशा सद्हेतूने त्यांनी प्रश्नावली रचायला घेतली. 1962 साली ती छापून आली, आणि पुढे तिच्याभोवती मोठा व्यवसाय उभा राहिला. सद्हेतूबद्दल शंका नाही. शंका साधनाबद्दल आहे.

साधनाचा दोष उंचीच्या उदाहरणाने उघड होतो. एखाद्या वर्गातील मुलांची उंची मोजावी, 165 सेंटिमीटरवर रेघ ओढावी, रेघेखालचे 'बुटके' आणि वरचे 'उंच' म्हणावे. आता 164 सेंटिमीटरचा मुलगा आणि 166 सेंटिमीटरचा मुलगा हे दोन वेगळ्या प्रकारांचे ठरले, आणि 166 चा मुलगा व 190 चा मुलगा एकाच प्रकारचे. व्यक्तिमत्त्वाच्या मोजमापातही बहुसंख्य माणसे मध्याच्या आसपास असतात; अगदी अंतर्मुख किंवा अगदी बहिर्मुख टोकाला थोडी. म्हणजे रेघ नेमकी जेथे गर्दी सर्वांत दाट आहे तेथून जाते.

परिणाम आकड्यांत मांडता येतो. समजा, प्रश्नावली चांगली आहे. चारही अक्षांवर काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन गुणांचा सहसंबंध 0.85 इतका भक्कम आहे. मानसशास्त्रीय चाचणीला हा आकडा शोभणारा आहे. तरी रेघ मधोमध ओढली, तर एका अक्षावर माणूस दुसऱ्या वेळीही त्याच बाजूस पडण्याची शक्यता सुमारे 82 टक्के येते. चार अक्षांवर चारही अक्षरे तीच राहण्याची शक्यता 0.82 चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे 46 टक्के. चांगल्या प्रश्नावलीनेही निम्म्याहून अधिक माणसांचे चार अक्षरी बिरूद महिन्या-दोन महिन्यांत बदलावे, हे या रचनेतच लिहिलेले आहे. प्रत्यक्ष फेरचाचण्यांमध्येही साधारण निम्म्या लोकांचा प्रकार बदललेला आढळला आहे. माणूस बदलला नाही. रेघेच्या या बाजूचा त्या बाजूला सरकला, इतकेच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने 1991 साली निष्कर्ष काढला की करिअरच्या सल्ल्यासाठी ही प्रश्नावली वापरावी इतका पुरावा उपलब्ध नाही. नोकरभरतीत ती वापरू नये असे तिचे प्रकाशकही सांगतात. भारतातील उत्साही व्यवस्थापनांपर्यंत ही सूचना बहुधा पोहोचलेली नाही.

मग इतक्या लोकांना आपला प्रकार 'अगदी तंतोतंत' का वाटतो? याचे उत्तर 1949 पासून छापील आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर याने आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे वर्णन दिले. वर्णन किती अचूक आहे यास पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.26 आली. त्यानंतर त्याने उघड केले की सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातील बहुतेक वाक्ये रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. वरून शांत पण आतून अस्वस्थ, लोकांत मिसळणारा पण कधी एकांत हवा असणारा: हे कोणाला लागू पडत नाही? पटणे हा पुरावा नव्हे. पत्रिका जुळणाऱ्यालाही पटलेलेच असते.

यावरून व्यक्तिमत्त्वाचे शास्त्रच खोटे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. शास्त्र आहे, आणि ते कप्प्यांच्या नेमक्या उलट दिशेने वाढले. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. माणसांना एकमेकांतील जे फरक महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत शब्द सापडतोच, ही त्यामागची भूमिका. पुढील अर्धशतकात अनेक संशोधकांनी अशा शब्दांचे परस्परसंबंध मोजले, आणि वारंवार पाच मोठे अक्ष वर आले: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांबाबतचा खुलेपणा. यांत कोणी 'कर्तव्यदक्ष प्रकारचा' नसतो. प्रत्येकाला प्रत्येक अक्षावर एक जागा असते. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की या जागांतील फरकांचा साधारण 40 ते 50 टक्के भाग आनुवंशिक फरकांशी निगडित आहे. उरलेला भाग परिस्थितीचा, अनुभवाचा आणि मोजमापातील चुकांचा. वयाबरोबर जागा सरकतातही. आणि हे शास्त्र स्वतःच्या मर्यादा तपासते: 2013 साली बोलिव्हियातील त्सिमाने या शिकार व शेतीवर जगणाऱ्या समाजातील 600 हून अधिक प्रौढांवर हीच पाच अक्षांची मांडणी तपासली गेली, तेव्हा ती तेथे नीट उभी राहिली नाही. निष्कर्ष गैरसोयीचा होता, तरी तो छापला गेला.

परक्या समाजाची फूटपट्टी जशीच्या तशी चालत नाही, हे मराठी मुलखाला नव्याने शिकण्याची गरज नव्हती. वि. वि. कामत यांनी धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने घडवली. प्रश्न केवळ भाषांतरित न करता ते येथल्या मुलांवर तपासून, वयोगटांनुसार पुन्हा बसवले, आणि 1940 साली या कामावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पारतंत्र्यात, अपुऱ्या साधनांनिशी एका शिक्षणतज्ज्ञाने जे केले ते आजच्या सोळा प्रकारांच्या मराठी आवृत्त्या करीत नाहीत. त्या शब्द बदलतात, मोजत नाहीत.

प्रकृतीचे समर्थक येथे एक वजनदार आक्षेप घेतील, आणि तो ऐकलाच पाहिजे. प्रकृतीवर आधुनिक संशोधन झाले आहे, असे ते म्हणतील. झाले आहे. 2015 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या नेतृत्वाखालील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यांनी ठरवलेली प्रकृती आणि जनुकीय फरक यांचा मेळ त्यात शोधला गेला, आणि 52 जनुकीय खुणा तिन्ही गटांत वेगळ्या आढळल्या. अभ्यास गंभीर आहे. पण त्याच्या सारांशातच दिलेला एक आकडा मोहिमेच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. 3,416 निरोगी पुरुष तपासल्यावर तीन प्रकृतींपैकी एकीत स्पष्टपणे बसणारे सापडले 262. शंभरात आठही नाहीत. उरलेले बाजूला ठेवावे लागले, कारण एका दोषाचे ठळक प्राबल्य दाखवणारी माणसे मुळात विरळ असतात. त्या 262 जणांविषयीचा निष्कर्ष उद्या मोठ्या नमुन्यावर टिकला, तरी तो शंभरातल्या आठांविषयीचा असेल. मग सव्वा कोटी लोकांना प्रकृतीची पाटी देताना कोणत्या शास्त्राचा हवाला दिला जातो? चरकाने तरतमभाव सांगितला. आधुनिक प्रयोगशाळेने तो मोजून दाखवला. आणि मोहिमेने दोघांकडेही दुर्लक्ष केले.

दुसरा आक्षेप सौम्य असतो: खेळ आहे, करमणूक आहे, कोणाचे काय बिघडते? करमणूक तेथेच थांबली असती तर काहीच बिघडले नसते. ती थांबत नाही. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, स्वभाव आणि योग्य अभ्यासशाखा सांगणाऱ्या डीएमआयटी या चाचणीचा व्यापार शहरांपासून तालुक्यापर्यंत पसरला. बोटांवरच्या रेषा गर्भातच घडून कायम होतात. मूल पुढे काय वाचेल, कोण त्याला शिकवील, घरात दिवा असेल की नसेल, यातले काहीही त्या रेषांना ठाऊक नसते. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीर केले आहे. तरी पालक हजारो रुपये मोजतात, आणि अहवालात 'गणित नको' असे आले की मुलीचे गणित सुटते. 'नको' हा शब्द मुलांपेक्षा मुलींच्या अहवालावरून अधिक तत्परतेने पाळला जातो, हे सांगायला कोणत्याही चाचणीची आवश्यकता नाही.

आणि जन्मानेच स्वभाव ठरतो या समजुतीने काय होऊ शकते, याचा दाखला या देशाच्या कायद्याच्या पुस्तकात आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे नव्हे, तर माणसांचे प्रकारच गुन्हेगार ठरवले. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी अशा जमाती, तमिळ मुलखात मदुराईकडील पिरमलै कळ्ळर: या घरांत जन्मलेले मूल गुन्हा करण्याआधीच नोंदवहीत चढे, त्याला हजेरी लागे. सोलापूरची काटेरी तारांची सेटलमेंट याच विचाराची वास्तू होती. कायदा 1952 साली गेला. पाटी मात्र अजून त्या लोकांच्या कपाळावरून पुरती पुसली गेलेली नाही. फोनवरची गमतीची प्रश्नावली आणि तो कायदा यांना कोणी एका तराजूत घालणार नाही. पण दोन्हींच्या मुळाशी असलेले वाक्य एकच आहे: 'हा त्या प्रकारातला आहे.'

ज्याने ओरत्तनाडुचे छत्र बांधले त्या सरफोजींचे बालपणही या संदर्भात आठवावे. 1777 साली जन्मलेल्या या मुलास तुळजाराजांनी 1787 साली दत्तक घेतले. तुळजाराजे वारले, दत्तकविधान अवैध ठरवले गेले, आणि गादीवर आलेल्या अमरसिंहाने मुलास कोंडून ठेवले, शिक्षणापासून दूर ठेवले. मिशनरी श्वार्ट्झ याने रदबदली केली, 1793 साली मुलाला मद्रासला हलवले गेले, आणि तेथे त्याचे शिक्षण झाले. कोंडलेल्या त्या दिवसांत एखाद्याने प्रश्नावली हाती घेऊन त्याची परीक्षा केली असती, तर त्याच्या नावापुढे कोणता शब्द लिहिला गेला असता याची कल्पना करणे अवघड नाही. त्या मुलाने पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, छापखाना काढला, आणि धन्वंतरी महालात रुग्णांची चिकित्सा मांडली.

त्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांची टिपणे आजही उपलब्ध आहेत, आणि आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यात एकेका रुग्णाची तक्रार, तपासणी आणि उपचार लिहिलेले आहेत. 'पित्तप्रकृतीचे डोळे' या एका शीर्षकाखाली सर्वांची नोंद उरकलेली नाही. व्यक्तीला समजून घेण्याची रीत दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात ठाऊक होती: आधी ऐकणे, मग पाहणे, मग लिहिणे, आणि पुन्हा आल्यावर पुन्हा पाहणे. ती कष्टाची आहे, आणि तिचा विश्वविक्रम होत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कोणत्याही प्रकृती किंवा व्यक्तिमत्त्व परीक्षणाची विश्वसनीयता, म्हणजे त्याच माणसाला महिन्याने तेच उत्तर किती वेळा मिळते हा आकडा, अहवालाच्या पहिल्या पानावर छापला जावा. मराठी, तमिळ वा अन्य भाषेतील प्रश्नावली त्या त्या भाषिकांवर तपासल्याशिवाय वापरली जाऊ नये. निकाल कप्प्यात न देता अक्षावरील जागेने, चुकीच्या मर्यादेसह द्यावा. आणि शाळेतील कोणत्याही मुलामुलीची शाखा अशा निकालावरून ठरवू नये. महाराष्ट्रात 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची जी चाचणी घेतली गेली तिला निदान नाव तरी प्रामाणिक होते: कल चाचणी. कल म्हणजे झुकाव. झुकलेले सरळ होऊ शकते, दुसरीकडेही झुकू शकते. मराठी भाषेला हे ठाऊक आहे.

ओरत्तनाडुत आज पशुवैद्यक महाविद्यालय आहे. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचणारी एखादी मुलगी तेथे प्रवेशासाठी येईल, तेव्हा तिच्या हातात कोणत्या प्रकाराचे प्रमाणपत्र आहे हे कोणी विचारू नये. काय शिकायचे आहे, एवढे विचारावे. त्याच गावच्या छत्रात आलेल्या पोरक्या मुलालाही दोनशे वर्षांपूर्वी तेवढेच विचारले जात होते.